माणिकगडाच्या पायथ्याशीं मुक्काम

श्रोतेहो, तंबू ठोकून रानांत राहणें हें आपल्यापैकीं पुष्कळांस साहेबलोकांचें खूळ वाटतें. वस्तुतः तळ, पडाव, मुक्काम, तांडा हे शब्द आपल्या भाषेस नवे नाहींत. चंद्रपूरच्या दक्षिणेस, गडचांदूर गांवामागें जी डोंगरांची रांग दिसते, तींतच माणिकगड आहे. त्याच्या आसपास रात्रीचा मुक्काम करावयाचा झाल्यास तो कसा करावा, व कसा करूं नये, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. माणिकगड समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंच आहे. तो नागवंशी राजांनीं बांधिला अशी परंपरागत समजूत असून, त्याच्या काळ्या दगडी दरवाजावर नागाची आकृति कोरलेली आहे. पुढें तो चांद्याच्या गोंड राजांकडे आला. हा राजुऱ्याकडील मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. नंतर कांहीं काळ नांदेडास जोडला जाऊन १९५९ सालीं तो चांदा जिल्ह्यांत आला. पहाडावर कोलाम व गोंड यांची वस्ती जुनी. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागें मराठवाड्यांतून अनेक कुटुंबें, आणि त्यांत लमाणही पुष्कळ, घाट चढून जिवतीच्या पठारावर बिऱ्हाड घेऊन आलीं व तेथेंच स्थायिक झालीं. रेल्वे येण्यापूर्वीं लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दख्खनभर हिंडत. बैलांस पाणी व चारा मिळेल तेथें त्यांचा तळ पडे. आपणही आरंभ पाण्यापासूनच करूं.

पाणी जवळ असावें, परंतु पाण्याच्या कांठावरच तळ देऊं नये. उन्हाळ्यांत ओढे आटले, म्हणजे जेथें थोडा डोह उरतो तेथें रात्रीं सारें रान पाणी प्यावयास येतें. चितळ व सांबर आले कीं त्यांच्या मागें वाघ आलाच. चंद्रपूर जिल्ह्यांत वाघांची संख्या मोठी आहे. आणि वाघ केवळ ताडोब्याच्या हद्दींतच राहतो असें समजणें धोक्याचें होय. म्हणून पाणी दिवसाउजेडीं भरून आणावें व पाणवठ्यापासून चांगलें दूर राहावें.

दुसरी गोष्ट जागेची. नाल्याचें पात्र सपाट व मऊ दिसतें, म्हणून नवखा मनुष्य तेथेंच अंथरूण टाकतो. परंतु सूर्य मावळल्यावर उतारावरील हवा थंड होऊन जड होते व खालीं घरंगळत जाऊन दरींत सांचते. पौषांतल्या रात्रीं तळाशीं दांत वाजत असतांना थोड्या वरच्या टप्प्यावर गारठा बराच कमी असतो. शिवाय वर कोठें पाऊस पडल्यास नाल्यास लोंढा येण्यास वेळ लागत नाहीं. तेव्हां मधल्या टप्प्यावरची मोकळी जागा उत्तम. मात्र वर वाळलेली फांदी लोंबत नाहीं ना, हें आधीं पाहावें. मच्छरदाणी अवश्य न्यावी, कारण या वनप्रदेशांत हिंवतापाचें भय अद्याप गेलेलें नाहीं.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट विस्तवाची. माघ-फाल्गुनांत सागाचा पाला गळतो व जमिनीवर त्याचा वाळका थर बसतो. एक ठिणगी त्यांत पडली तर वाऱ्याबरोबर आग डोंगर चढूं लागते; आणि चढावर ती अधिक वेगानें धांवते, कारण ज्वाळा वरच्या पाल्यास आधींच तापवून ठेवतात. त्या आगींत रोपें, पक्ष्यांचीं घरटीं आणि मोहाचीं फुलें सारखींच जळतात. मोह हा पहाडावरच्या माणसाचा शेवटचा आधार होय; पहांटे टोपली घेऊन निघणाऱ्या बाईची मिळकत आपल्या एका चहाच्या आधणापायीं राख व्हावी, याहून मोठा अपराध कोणता? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानेंही राखीव वनांत धोका होईल अशा रीतीनें विस्तव जळता ठेवणें हा गुन्हाच ठरविला आहे. सबब उन्हाळ्यांत चूल पेटवूंच नये. घरून भाकरी, चटणी व कांदा बांधून न्यावा. हिंवाळ्यांत वनखात्यानें मुभा दिली तरच, भोंवतालचा पाला हात-दोन हात झाडून, खड्ड्यांत लहानशी चूल करावी. निघतांना पाणी ओतून राख हातानें चाळून पाहावी; हाताला ऊब लागली तर आणखी पाणी ओतावें.

मोहाच्या दिवसांत अस्वलही फुलें खावयास पहांटे येतें. तें वाघाइतकें लाजाळू नसून अचानक गांठ पडल्यास अंगावर येतें. यासाठीं अंधारांत एकट्यानें हिंडूं नये. हातीं कंदील अगर विजेची बत्ती असावी, आणि चालतांना बोलत चालावें.

जाण्यापूर्वीं वनखात्याच्या कचेरींतून परवानगी घ्यावी, आणि गांवांतील एखादा जाणता कोलाम किंवा गोंड सोबती रीतसर मजुरी देऊन बरोबर न्यावा. वानर ओरडलें तर तें कोणास पाहून, हें तो आपणांस सांगेल. तो "येथें नको" म्हणाला, तर कारण विचारीत बसूं नये, अंथरूण उचलावें. मार्गशीर्ष ते माघ हा काळ सर्वांत बरा. वैशाखांत येथील ऊन ४५ अंशांच्या वर जातें. त्या दिवसांत गड दुरूनच पाहावा.