स्त्रियांची बद्धकोष्ठता आणि रोजचा दिनक्रम

बालरोगतज्ज्ञाने प्रौढ स्त्रियांच्या बद्धकोष्ठतेवर लिहावे, याचे स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे नवल वाटेल. परंतु या विषयाशी माझा परिचय बालरुग्णांच्या मातांमुळेच झाला. तीन-चार वर्षांचे मूल शौचाची भावना झाली की पाय आवळून कोपऱ्यात उभे राहते, रडते, चार दिवसांनी खडा होतो, अशी तक्रार घेऊन आई येते. मुलाची हकीकत विचारून झाल्यावर "घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का?" असा प्रश्न मी विचारते. आई क्षणभर थांबते, सासूबाई बरोबर असतील तर त्यांच्याकडे पाहते आणि हळूच म्हणते, "मलाच आहे की, लग्नाच्या आधीपासून." तिने तो त्रास कोणत्याही डॉक्टरांना सांगितलेला नसतो. तो आजार आहे, असेच तिला वाटलेले नसते.

प्रथम व्याख्येविषयी थोडेसे. २०१६ साली सुधारलेल्या 'रोम' निकषांनुसार कुंथावे लागणे, मळ कठीण असणे, पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना, अडथळा जाणवणे, बोटाचा आधार घ्यावा लागणे आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, यांपैकी किमान दोन लक्षणे तीन महिने असावी लागतात आणि त्रासाचा आरंभ सहा महिन्यांपूर्वी झालेला असावा लागतो. यातील शेवटची 'तीन वेळा'ची अट आपल्याकडे फारशी उपयोगाची नाही. भारतीय गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी सोसायटीच्या कृतिगटाचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो की, तक्रार नसलेले बहुतेक भारतीय दिवसातून निदान एकदा शौचास जातात. त्यामुळे केवळ वारंवारता विचारून थांबणारा डॉक्टर फसतो. रोज शौचास जाणारी, पण अर्धा तास बसूनही मोकळी न होणारी स्त्री त्याच्या दृष्टीने निरोगी ठरते.

आता मूळ कारणाकडे वळू. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. मळ गुदाशयात उतरतो आणि वेग येतो. तो त्या वेळी मानला तर काम पाच मिनिटांत होते. अडवला तर गुदाशय सैलावतो, वेग ओसरतो, मळातील पाणी शोषले जाऊन तो कोरडा होतो. हे महिनोन् महिने चालले की गुदाशय ताणला जातो आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. पुढे एक विपरीत सवय जडते: शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे जे स्नायू सैल व्हायला हवेत, तेच आवळले जातात. जोर पोटातून द्यायचा आणि दार आतून बंद ठेवायचे, असा हा प्रकार आहे. माझ्या बालरुग्णात आणि त्याच्या आईत घडते ते हेच. मूल भीतीने अडवते, आई सवड नाही म्हणून.

सवड नाही, हे शब्द मी विचारपूर्वक लिहीत आहे. पिरनवाडी हे बेळगाव-खानापूर मार्गावरील गाव. शेती आणि कारखाने दोन्ही हाताशी. येथील एखाद्या घरातील सुनेची सकाळ डोळ्यांपुढे आणावी. पाचला उठायचे, पाणी आले असेल तर भरायचे, चूल किंवा गॅस पेटवून चहा, मग डबे, मुलांची शाळा, आणि स्वतः उद्यमबागेत किंवा मच्छ्याच्या कारखान्यात कामाला जात असेल तर गाडी पकडायची. घरात संडास एकच. आधी सासरे, मग पती, मग शाळेत जाणारी मुले. तिला वेग येतो तो नेमका पोळ्या तव्यावर असताना. ती म्हणते, नंतर जाऊ. कामाच्या ठिकाणी संडास अस्वच्छ, कडी मोडकी किंवा पुरुषांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर, म्हणून तेथे जाणे नको. लघवीलाही जावे लागू नये यासाठी पाणीही बेताने प्यायचे. संध्याकाळी घरी परतते तेव्हा वेग कधीच निघून गेलेला असतो.

शेतावर जाणाऱ्या स्त्रियांची गोष्ट याहून जुनी आहे. परसाकडे जायचे ते पहाटे अंधारात नाहीतर दिवेलागणीनंतर, हा नियम त्यांच्या शरीराने पिढ्यान् पिढ्या पाळला. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून घरोघरी शौचालये बांधली गेली, हा बदल मोठा आहे आणि मी त्याला मनापासून महत्त्व देते. पण भिंती उभ्या राहिल्या म्हणून दिवसाचे वेळापत्रक बदलत नाही.

या त्रासाची किंमत किती, हे आपण रुग्णेला क्वचितच विचारतो. विचारल्यास उत्तरे मिळतात. पोट जड असल्याने सकाळपासून जेवण जात नाही, उपाशीपोटी काम केल्याने डोके दुखते, चिडचिड मुलांवर निघते. माहेरी किंवा लग्नकार्याला मुक्कामी जाणे टाळले जाते, कारण परक्या घरी पोट साफ होत नाही आणि संडासात वेळ लागला की बायका हसतात. पंढरीच्या वारीला जायची इच्छा असूनही याच कारणाने न जाणारी एक आजी मला ठाऊक आहे. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब देतो, लघवी पूर्ण होत नाही आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होण्यास मदत होते. वर्षानुवर्षे कुंथल्याने ओटीपोटाचा तळ कमकुवत होतो. बाळंतपणांनी आधीच सैल झालेल्या स्त्रीत योनीच्या भिंतीतून गुदाशयाचा फुगा पुढे येतो. मग योनीत बोटाने दाबल्याखेरीज मळ बाहेर पडत नाही. ही गोष्ट कोणतीही स्त्री आपणहून सांगत नाही. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे, की हा प्रश्न सरळ शब्दांत, एकांतात विचारावा. "काही बायकांना असे करावे लागते, तुम्हाला लागते का?" एवढे पुरते.

आपल्या सीमाभागाचा एक खास उपाय म्हणजे मिश्री. निपाणीच्या परिसरात तंबाखू पिकतो, आणि तो भाजून केलेली मिश्री कोल्हापूर-बेळगावकडच्या असंख्य घरांत सकाळी दातांना लागते. दात स्वच्छ होतात हे सांगण्यापुरते, खरे कारण बायका कुजबुजत सांगतात, "ती लावल्याबिगर परसाकडंला होत नाही." यात तथ्य आहे. हिरड्यांतून शोषलेले निकोटिन आतड्याची हालचाल वाढवते. म्हणूनच ही सवय सुटत नाही, आणि सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठता खरोखरच वाढते. मुखकर्करोगाचा धोका आणि गर्भवतीच्या बाळाचे घटणारे वजन, ही त्या मिश्रीची किंमत आहे. कमी वजनाची बालके हा माझा रोजचा विषय असल्याने मी याबाबत आग्रही आहे. मात्र "मिश्री सोडा" एवढे सांगून भागत नाही. तिच्या जागी पोट साफ होण्याची दुसरी सोय त्याच दिवशी लिहून दिली नाही, तर ती बाई आठवड्यात पुन्हा डबी उघडते.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे आतडे मंदावते, वाढते गर्भाशय दाब देते आणि भरीस आपण लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या देतो. अनेकजणी संडासला घट्ट होते म्हणून लोहाच्या गोळ्या गुपचूप फेकून देतात व हिमोग्लोबिन का वाढत नाही, म्हणून आपण कोड्यात पडतो. गोळी देतानाच हा प्रश्न विचारून सोबत मळ मऊ करणारे औषध द्यावे. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, तसेच ट्रॅमाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, अॅमिट्रिप्टिलीन, व्हेरापामिल यांचाही विचार करावा.

आहाराबाबत आपण सारेच "पालेभाज्या खा, पाणी प्या" म्हणून मोकळे होतो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमहून कमी. जोंधळ्याची भाकरी मागे पडून दोन्ही वेळा भात आला, हा बदल आतड्यालाही कळतो. बेळगाव तालुक्यातली रताळी आणि भाजीपाला गोव्यापर्यंत आणि त्याहून दूर जातो, पिकवणारीच्या ताटात मात्र सर्वांचे झाल्यावर उरलेला भात आणि आमटीचे पाणी असते. त्यात उपवास: साबुदाणा, चहा आणि कमी पाणी. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जावा, तो हळूहळू वाढवावा. परंतु स्नायू आवळण्याची सवय जडलेल्या स्त्रीला नुसता चोथा वाढवल्यास पोट अधिकच फुगते, हेही ध्यानात असावे. तिला स्नायू सैल सोडण्याचे शिक्षण, म्हणजे बायोफीडबॅक, हा खरा उपचार आहे.

औषधांत इसबगोल भरपूर पाण्यासह, लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही दीर्घकाळ देता येण्याजोगी औषधे आहेत. सोनामुखी, बिसाकोडिल गरजेपुरती. महिन्यातून एकदा एरंडेल घेऊन 'कोठा साफ' करण्याची रीत मुळावर काहीच इलाज करत नाही, आणि गरोदर स्त्रीने ते घेऊच नये. उकिडवे बसल्याने गुदमार्गाचा कोन सरळ होतो. गुडघेदुखीमुळे कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवावा. आणि न्याहारीनंतरची दहा मिनिटे. मुलाच्या चिठ्ठीवर मी ही दहा मिनिटे लिहिते तेव्हा आईचेही नाव घालते आणि पतीला समोर बसवून सांगते, की त्या वेळात पोळ्या त्याने भाजाव्यात. काहीजण हसतात, पण काहीजण खरोखर भाजतात.

गुदावाटे रक्त, वजन घटणे, पंडुरोग, पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काहीही असल्यास विलंब न लावता दुर्बिणीची तपासणी करावी. आपल्याकडे रक्त दिसले की 'मूळव्याध' हे निदान रुग्णा स्वतःच करून येते, आणि लाजेखातर बोटाने तपासणी करू देत नाही. परिचारिका सोबत ठेवावी, शक्य तेथे स्त्री डॉक्टरांकडे पाठवावे. पण तपासणी झाल्याशिवाय मूळव्याधीचे मलम लिहून देऊ नये.