सहलीसाठी स्टोव्ह निवडताना

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलींचे बेत सुरू होतात. गडावर किंवा जंगलाच्या कडेला मुक्काम असेल, तर चहा आणि खिचडी कशावर करायची, हा प्रश्न आलाच. बहुतेक वेळा घरात जे साधन पडून असेल ते बरोबर घेतले जाते. परंतु चूल, स्पिरिटचा दिवा, पंपाचा स्टोव्ह आणि गॅसची छोटी शेगडी यांचे गुणदोष अगदी वेगवेगळे आहेत. ते समजून घ्यायला आठवी-नववीचे विज्ञान पुरते. निवड चुकली तर जेवण कच्चे राहते, आणि क्वचित माणसे जिवाला मुकतात. म्हणून हा विचार सहलीपूर्वी वर्गातच व्हावा.

किती इंधन लागेल?

एक लिटर पाणी २० अंश सेल्सियसपासून १०० अंशांपर्यंत तापवायचे, तर ४.२ × ८० म्हणजे सुमारे ३३६ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम स्वयंपाकाच्या गॅसपासून सुमारे ४६ किलोज्यूल, रॉकेलपासून ४३, स्पिरिटपासून २६ आणि वाळलेल्या लाकडापासून साधारण १५ किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे हिशेबाने ७-८ ग्रॅम गॅस किंवा रॉकेल पुरायला हवे.

प्रत्यक्षात ही सगळी उष्णता भांड्यात शिरत नाही. बरीचशी भांड्याच्या कडेने निघून जाते, वारा ती उडवून नेतो. चांगल्या स्टोव्हची निम्मी उष्णता पाण्याला मिळते असे धरले, तर लिटरमागे गॅस किंवा रॉकेल १५-१६ ग्रॅम आणि स्पिरिट २६ ग्रॅम लागेल. तीन दगडांच्या उघड्या चुलीत जेमतेम दहावा हिस्सा उपयोगी पडतो असे धरले, तर लाकूड लागेल जवळजवळ पाव किलो.

आता ३० जणांच्या एका मुक्कामाचा हिशेब करू. दोन वेळचा चहा आणि रात्रीची खिचडी मिळून २४ लिटर पाणी धरू. गॅस लागेल सुमारे ३६० ग्रॅम, आणि खिचडी मंद आचेवर मुरण्यासाठी आणखी थोडा. लाकूड मात्र पाच-साडेपाच किलो लागेल. ते आजूबाजूच्या झाडोऱ्यातूनच तोडले जाते. शिवाय राखीव जंगलात आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. वाळलेल्या गवतात उडालेली एक ठिणगी अख्खा डोंगर जाळू शकते. तेव्हा चूल आपल्या यादीतून वगळलेलीच बरी.

पंपाचा स्टोव्ह

स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये वातीशिवाय चालणारा स्टोव्ह बनवला. तोच ‘प्रायमस’. त्याच्या टाकीत पंपाने हवा भरली की दाबामुळे रॉकेल नळीतून वर चढते. आधी स्पिरिटने तापवलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते. ही वाफ बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडताना भोवतालची हवा ओढून घेते, आणि निळी, काजळी न धरणारी ज्योत मिळते. छिद्रात कचरा अडकला की ज्योत पिवळी पडते. म्हणून स्टोव्हची पिन जवळ लागतेच.

इथे दाब आपण पंपाने निर्माण करतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही हा स्टोव्ह चालतो. अमुंडसेनच्या १९११ च्या दक्षिण ध्रुव मोहिमेत आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत तो होता, त्याचे कारण हेच. पण तो पेटवायला सराव हवा. आणि आता रॉकेल पूर्वीसारखे सहज मिळत नाही.

गॅसची शेगडी

पेटवायला सर्वांत सोपी हीच. डब्यात ब्यूटेन आणि प्रोपेन दाबाखाली द्रवरूपात असतात. ब्यूटेन उणे ०.५ अंशाला उकळते, प्रोपेन उणे ४२ अंशांना. गॅस बाहेर पडतो तसा आतील द्रव वायुरूप होतो, आणि त्यासाठी लागणारी अप्रकट उष्णता द्रवातूनच घेतो. म्हणून चालू शेगडीचा डबा हाताला गार लागतो. पहाटेचे तापमान ५ अंशांवर आले असेल, तर डबा आणखी थंड होऊन ब्यूटेनचा दाब पडतो आणि ज्योत मंदावते. मिश्रणातील प्रोपेन आधी निघून जाते, त्यामुळे डबा संपत आला की हा त्रास वाढतो.

अशा वेळी डबा विस्तवाजवळ नेऊन तापवू नये. वाऱ्यासाठी आडोसा करतानाही डब्याला चारी बाजूंनी वेढू नये, कारण परतणाऱ्या उष्णतेने त्यातील दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. आडोसा वाऱ्याच्या बाजूलाच असावा.

स्पिरिटचा दिवा

हा हलका, त्यात बिघडण्यासारखे काही नाही. मात्र उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. विझला असे समजून वरून स्पिरिट ओतले की भडका उडतो. दिवा पूर्ण गार झाल्याशिवाय तो भरू नये, आणि हे काम मुलांकडे देऊ नये.

उंचीचा परिणाम

दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनांक सुमारे १ अंशाने उतरतो. कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे १६४६ मीटरवर, पाणी साधारण ९४.५ अंशांनाच उकळते. चहाला अडचण नाही, पण डाळ-तांदूळ शिजायला जास्त वेळ आणि जास्त इंधन लागते. आच वाढवून उपयोग नाही, पाणी त्याहून तापतच नाही. उपयोग होतो तो प्रेशर कुकरचा.

दोन धोके

पहिला धोका कार्बन मोनॉक्साइडचा. प्राणवायू अपुरा पडला की कोणतेही इंधन अर्धवट जळून हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. अमेरिकन ध्रुवसंशोधक रिचर्ड बर्ड १९३४ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावर एका झोपडीत एकटे राहिले होते. स्टोव्हच्या आणि जनित्राच्या धुराने ते मरणाच्या दारी पोचले, आणि सहकारी ऑगस्टमध्ये येऊन पोचले म्हणून वाचले. तेव्हा पाऊस असो वा थंडी, तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही.

दुसरा धोका प्रवासातला. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागून नऊ जण मरण पावले. डब्यात नियम मोडून आणलेल्या सिलिंडरवर चहा केला जात होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता जमिनीलगत साठतो, आणि एका ठिणगीची वाट पाहतो. रेल्वेत सिलिंडर, रॉकेल किंवा स्पिरिट नेता येत नाही. इंधन मुक्कामाजवळच घ्यावे.

मग निवड कशी करावी?

तीन-चार जणांच्या भटकंतीला गॅसची छोटी शेगडी उत्तम. २३० ग्रॅमच्या एका डब्यावर सुमारे पंधरा लिटर पाणी उकळते. हिमालयातील कडक थंडीसाठी पंपाचा स्टोव्ह आणि तो हाताळणारा जाणकार हवा. चाळीस मुलांची सहल असेल, तर पायथ्याच्या गावात जेवण सांगावे आणि गडावर दशमी, चटणी, लाडू न्यावेत. स्टोव्ह न नेणे हीसुद्धा एक विचारपूर्वक निवड आहे.

वर्गात करून पाहा

शिक्षकांनी स्वतः स्टोव्ह पेटवून मैदानावर हा प्रयोग करावा. स्टोव्हचे वजन करून त्यावर एक लिटर पाणी उकळू द्या, तो गार झाल्यावर पुन्हा वजन करा. घटलेले वजन म्हणजे जळलेले इंधन. वर दिलेल्या आकड्यांवरून मुलांना कार्यक्षमता काढता येईल. एकदा झाकण ठेवून, एकदा झाकणाशिवाय, एकदा वाऱ्यात आणि एकदा आडोशाला असे चार वेळा मोजा. कोणत्या एका गोष्टीने इंधन सर्वाधिक वाचते, हे मुलांनाच आकड्यांवरून ठरवू द्या.