कष्ट कुणाचे, नाव कुणाचं?



दिवाळी झाली, धान घरात आलं की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. पैशाच्या मागं धावणारा एक तरी माणूस त्या नाटकात असतोच. पहाटे घरी परतताना आपण म्हणतो, ‘पैशानं काही सुख मिळत नाही बाई.’ आणि त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीत म्हशीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज मागतो. यात खोटं काही नाही. शाळेची फी, दवाखाना, रोवणीची मजुरी, सगळ्याला पैसा लागतो. मग पैसा मिळवण्याची इच्छा धरावी की धरू नये? आज आपण तीन कादंबऱ्यांच्या आधारानं यावर बोलू. एक आपल्या विदर्भातली, दोन अमेरिकेतल्या लेखकांच्या.

पहिली ‘धग’. उद्धव शेळके यांनी लिहिलेली ही कादंबरी १९६० साली आली. गोष्ट अमरावतीकडच्या खेड्यातली आणि माणसं बोलतात ती वऱ्हाडीत. कौतिक ही शिंप्याच्या घरची बाई. नवरा महादेव, पण त्याच्या हातून संसार पेलत नाही. तो ओढायचा कौतिकनंच. तिला माडी नको आहे, सोनं नको आहे. दोन वेळा चूल पेटावी, कुणापुढं हात पसरावा लागू नये, पोरं चांगली निघावीत, एवढीच तिची इच्छा. त्यासाठी ती राबराब राबते. पण थोरला मुलगा भीमा हाताबाहेर जातो, नवऱ्याला महारोग होतो, आणि शेवटी तिच्याच मनाचा तोल सुटतो. (हा रोग, म्हणजे कुष्ठरोग, आज औषधानं पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात ते औषध फुकट मिळतं.)

आपल्याला लहानपणापासून सांगतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. कौतिकनं तर पाय पसरलेच नव्हते. तिनं फार मागितलं म्हणून ती बुडाली असं नाही. अडीअडचणीला चार पैसे देईल असं हक्काचं ठिकाण तिच्याजवळ नव्हतं. एकटीच्या खांद्यावर सगळं जू होतं. म्हणून ही गोष्ट वाचताना ‘नशीब तिचं’ म्हणून पुस्तक मिटवता येत नाही.

आता अमेरिकेकडे का जायचं? कारण सुखाची गोष्ट त्या देशानं आपल्या जन्माच्या कागदातच लिहून ठेवली. १७७६ साली इंग्रजांपासून वेगळं होताना त्यांनी जाहीर केलं की जगण्याचा, स्वातंत्र्याचा आणि सुख शोधण्याचा हक्क सगळ्यांना आहे. सुख मिळेल असं लिहिलं नाही, ते शोधण्याचा हक्क आहे असं लिहिलं. पण तेव्हा तिथं लाखो माणसं गुलामीत होती. आणि बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं. त्यामुळे सुख शोधायला निघालेला माणूस आणि त्याला शेवटी काय मिळालं, हा तिथल्या कादंबऱ्यांचा मोठा विषय झाला.

‘द ग्रेट गॅट्सबी’ ही फिट्झजेरल्ड यांची कादंबरी १९२५ची. गॅट्सबी गरीब शेतकऱ्याचा पोरगा. एका श्रीमंत घरच्या मुलीवर त्याचा जीव जडतो, पण तिचं लग्न दुसऱ्या पैसेवाल्याशी होतं. तिला परत मिळवायचं म्हणून तो पैशाच्या मागं लागतो. त्या काळी अमेरिकेत दारूबंदी होती. चोरट्या दारूच्या धंद्यात तो अफाट पैसा करतो, वाड्यासारखं घर घेतो, रात्र रात्र जेवणावळी घालतो. शेकडो लोक येतात, खातात, पितात. पण तो मरतो तेव्हा मातीला बोटावर मोजण्याइतकीच माणसं असतात. ती बाईसुद्धा येत नाही. आपल्या गावातही कर्ज काढून मोठं लग्न होतं, हजार पानं उठतात. मांडव सुटला की हप्ता भरायला त्या हजारांतलं कोण येतं?

तिसरी कादंबरी आपल्या फार जवळची वाटेल. पर्ल बक या अमेरिकन बाईंचं बालपण चीनमध्ये गेलं. १९३१ साली त्यांनी चिनी शेतकऱ्याच्या घराची गोष्ट लिहिली, ‘द गुड अर्थ’. पुढं १९३८ साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. गोष्टीतला वांग लुंग गरीब शेतकरी. त्याची बायको ओ-लान, लग्नाआधी एका बड्या घरात गुलाम होती. ती शेतात राबते, दुष्काळात पोरांना जगवते. शहरात दंगा होतो, लोक श्रीमंताच्या वाड्यात घुसतात, तेव्हा भिंतीत लपवलेले हिरेमाणकं तिलाच सापडतात. त्यातून नवरा जमीन घेतो आणि मोठा होतो. ती स्वतःसाठी फक्त दोन लहान मोती मागून घेते. पुढं नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागतो आणि तिला देण्यासाठी ते दोन मोतीही ओ-लानकडून काढून घेतो. ती तेव्हा कपडे धूत असते.

जमीन नवऱ्याच्या नावे, मोती सवतीकडे, ओ-लानकडे राहिले कष्ट.

ही गोष्ट चीनची असली तरी आपल्याला ती माहीत आहे. परे खोदायचे, चिखलात वाकून रोवणी करायची, निंदण, कापणी करायची आपण, आणि सातबारावर नाव कुणाचं? महाराष्ट्रात हा प्रश्न मोठ्यानं विचारला गेला आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्या, असं शेतकऱ्यांना सांगितलं, आणि हजारो शेतकऱ्यांनी तो करून दिला.

आता गटाचं बोलू. आम्ही गटांच्या बैठकांना जातो तेव्हा कर्जाच्या रजिस्टरमध्ये ‘कारण’ हा रकाना पाहतो. म्हैस, शेळ्या, किराणा दुकान, लग्न, दवाखाना. सही किंवा अंगठा बाईचा असतो. पण कधी कधी पैसा बँकेतून निघाला की घरी पोचेपर्यंत दुसऱ्याच्या खिशात जातो. मोटारसायकल येते ती मुलाच्या नावानं, हप्ता मात्र बाईनं मजुरी करून भरायचा. घराची भरभराट झालेली दिसते, पण तिच्या हाती पासबुकावरचं देणं उरतं.

म्हणून पुढच्या बैठकीत कर्जाचा अर्ज वाचताना तिघीचौघींनी मिळून हे विचारून पाहा. ही इच्छा तुझी आहे की दुसऱ्या कुणाची? वस्तू कुणाच्या नावावर येणार? आणि हप्ता कुणाच्या कष्टातून जाणार? तिन्ही उत्तरं सारखी नसली तर लगेच कर्ज नाकारू नका. तिच्याबरोबर बसा, घरच्यांशी बोला. म्हशीची पावती तिच्या नावे होऊ शकते. ग्रामपंचायतीत घराच्या नोंदीला नवरा-बायको दोघांचं नाव लागू शकतं. तलाठ्याकडे सातबाराची चौकशी करायला दोघी सोबत गेल्या तर एकटीला भीती वाटत नाही.

मैत्रिणींनो, मोठं व्हायची इच्छा धरणं हे पाप नाही. मुलीला नर्स करायचं, स्वतःचं दुकान टाकायचं, पक्कं घर बांधायचं, जरूर ठरवा. कौतिकजवळ इच्छा होती, हिंमत होती, पण तिच्या बाजूला सतरंजीवर बसलेल्या दहा बाया नव्हत्या. आपल्याजवळ त्या आहेत. दर आठवड्याची बचत आहे, रजिस्टर आहे. तेव्हा पुढच्या वेळी ‘कारण’ लिहिताना पेन आपल्याच हातात ठेवा.