एकपात्री विनोदकार आणि त्याची बोली

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे गाव लागते. या भागात ‘पाहुणे जेवायले’ हे वाक्य पूर्ण मानले जाते. पाहुण्यांचे जेवण चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रमाण मराठीच्या श्रोत्यास मात्र ते अर्धवट वाटते. ‘जेवायला’ हे रूप त्याच्या कानी हेतुदर्शक असल्यामुळे ‘बसले’, ‘आले’ अशा एखाद्या क्रियापदाची तो वाट पाहत राहतो. वस्तुतः ‘मी जेवायलो’, ‘तू जेवायलास’, ‘ती जेवायली’ असे लिंग, वचन व पुरुष यांनुसार होणारे विकार पाहिले, म्हणजे हा उच्चारदोष नसून अपूर्ण वर्तमानाचे स्वतंत्र रूप आहे, हे ध्यानात येते. ‘जेवायला लागला’ या प्रयोगाच्या संक्षेपात त्याचे मूळ शोधणे सयुक्तिक होईल.

दूरचित्रवाणीवर नाव मिळवू पाहणाऱ्या झरीच्या एखाद्या तरुण विनोदकारापुढे पहिला पेच या रूपाचाच पडतो. विनोदात क्षणाचे महत्त्व फार. श्रोता क्रियापदाची वाट पाहत थांबला की हशा गेलाच. रूप ठेवावे तर परगावचा प्रेक्षक अडखळतो, टाकावे तर ज्याच्या बळावर तो वेगळा ठरणार, तेच हातचे जाते.

हा पेच पूर्वी एकदा सुटलेला आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगभूमीवर उभी केली. ती चाळ मुंबईची होती. औरंगाबाद येथील विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करणारे लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांनी १९७९ मध्ये ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा प्रयोग सुरू केला, तो मराठवाड्याच्या बोलीत. सुमारे तीन तासांत बावन्न पात्रे एका कंठातून बोलत. येथे बोली हा विनोदाचा विषय नव्हे, त्याचे माध्यम होय. व्यासपीठावरची बहुतेक माणसे तीच बोली बोलत असल्यामुळे केवळ तिच्यामुळे कोणी हास्यास्पद ठरत नाही. म्हातारा व पोर, बाई व पुरुष, शिकलेला व अडाणी यांतील भेद दाखवण्यासाठी नटाला त्या बोलीच्या आतच स्वर, गती आणि शब्द यांची सूक्ष्म निवड करावी लागते. श्रोताही तासाभरात तिला सरावतो. हा सराव होण्यास अवधी लागतो, आणि दूरचित्रवाणी नेमका तोच देत नाही.

२००५ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ या हिंदी स्पर्धेत हिंगणघाटचे सुनील पाल विजयी झाले, आणि काही मिनिटांच्या एकपात्री विनोदावर देशभर कीर्ती मिळू शकते हे महाराष्ट्रातील गावोगावच्या नकलाकारांना दिसले. पुढे ‘फू बाई फू’ (२०१०), ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४) व ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८) हे कार्यक्रम सुरू झाले. थोड्या वेळात कोल्हापूरपासून चंद्रपूरपर्यंतच्या प्रेक्षकास पात्र ओळखू यावयाचे, तर चारदोन ठळक खुणांवर भागवावे लागते. भारत गणेशपुरे यांच्या वऱ्हाडी उच्चारांसारखे बोलीशी इमान राखणारे अपवाद आहेत. एरवी मात्र ‘लई’, ‘व्हय’, ‘करतुया’ यांच्या मिश्रणातून एक सर्वसाधारण ‘ग्रामीण’ भाषा घडते. ती कोणत्याच गावची नव्हे. ‘जेवतुया’ म्हणणारा पडद्यावरील शेतकरी झरीच्या प्रेक्षकालाही परकाच. पण तेथील तरुण मुंबईला निघतो तेव्हा तेच रूप घोकून जातो, ही यातील खरी विसंगती.

एका महानगराची बोली घेऊन उभे राहणाऱ्या विनोदकाराला ही अडचण नसते. ‘द मार्व्हलस मिसेस मेझल’ (२०१७–२३) या अमेरिकन मालिकेतील कीर्तीच्या मागे लागलेली नायिका १९५८ च्या न्यूयॉर्कमध्ये आपल्याच वस्तीचे घाईचे बोलणे मंचावर नेते. ते तिला बदलावे लागत नाही.

लक्ष्मण देशपांडे यांच्यानंतर ‘वऱ्हाड’ माजलगावचे संदीप पाठक यांनी रंगभूमीवर आणले. दोन्ही नटांचे प्रयोग समोरासमोर ठेवून एक मोजदाद करण्याजोगी आहे: बावन्नांपैकी कोणती पात्रे ‘जेवायलो’सारखी रूपे योजतात, लंडनला पोचल्यावर कोणती ती सोडतात, आणि दुसऱ्या नटाने, दूरचित्रवाणीला सरावलेल्या प्रेक्षकापुढे, त्यांतील किती राखली आहेत.