चोवीस तासांचा हिशेब

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारची ओ.पी.डी. संपत आली असताना एक बाई आल्या. वय बेचाळीस. राहायला कराडात, नोकरी साताऱ्याला एका कचेरीत. रोजची एस.टी.ची जा-ये. खुर्चीवर टेकता टेकता म्हणाल्या, "डॉक्टर, तसं विशेष काही नाही. एखादं ताकदीचं औषध तेवढं लिहून द्या."

विचारत गेलो तसे एकेक बाहेर पडू लागले. डोके दुखते, पित्त होते, जिना चढताना धाप लागते, मुलांवर उगीचच ओरडायला होते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी झोप येत नाही. "एवढं सगळं होतंय आणि विशेष नाही कसं?" असे म्हटल्यावर त्या हसल्या. "अहो, सगळ्याच बायकांचं असंच असतं."

हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. त्यातली बरीच वर्षे ते मलाही पटत होते. ते किती महागात पडू शकते हे मला माझ्याच घरात कळले. ते पुढे सांगतोच. आधी या बाईंचे पाहू.

कागदावर मांडलेला दिवस

मी त्यांना आधी कागद-पेन्सिल दिली आणि कालचा दिवस तासावारी लिहायला सांगितला. त्यांचे पतीही बरोबर होते. ते गावातच नोकरी करतात. त्यांनाही एक कागद दिला.

बाईंचा दिवस असा निघाला. पहाटे पाचला उठणे. नळाला पाणी सकाळीच येते, म्हणून पाणी भरणे, चहा, चार डबे, सासूबाईंचे अंघोळीचे पाणी, मुलांची शाळेची तयारी. आठपर्यंत तीन तास. पंधरा मिनिटांत स्वतःचे आवरून सव्वाआठला घराबाहेर. जाताना दीड तास, येताना दीड तास. कचेरीत साडेआठ तास. पावणेआठला घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, भांडी, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणे, असे आणखी तीन तास. सव्वाअकराला पाठ टेकली. झोप पावणेसहा तास.

बेरीज केली. नोकरी आणि प्रवास मिळून साडेअकरा तास, घरकाम सहा तास, झोप पावणेसहा. उरली पाऊण तास. त्यातच अंघोळ आणि रात्रीचे जेवण.

पतीच्या कागदावर झोप आठ तास, नोकरी आठ तास, जाणे-येणे अर्धा तास आणि घरकाम पाऊण तास. घरकाम म्हणजे मुलाला शिकवणीला सोडणे आणि भाजी आणणे. उरले पावणेसात तास. गृहस्थ सालस होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, मी कधी मोजलंच नव्हतं."

मोजत कोणीच नाही. केंद्र सरकारने मात्र देशभर मोजले आहे. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, बिनपगारी घरकामात जातात. पुरुषांची सरासरी आहे ८८ मिनिटे. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. जे अजिबात लावत नाहीत ते त्या सरासरीत धरलेलेच नाहीत.

शरीरात काय होते?

आपल्या शरीराची रचना थोड्या वेळाच्या संकटासाठी आहे. अंगावर कुत्रा धावून आला तर अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात वाढतात, छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, स्नायूंना साखर पुरवली जाते. कुत्रा गेला की सारे पूर्ववत होते. पण सकाळी एस.टी. चुकेल का, दुपारी साहेब काय म्हणतील, संध्याकाळी गॅस संपला तर काय, आणि रात्री दहाला मोबाइलवर कचेरीचा निरोप, असे असेल तर तो कुत्रा दिवसभर जातच नाही. रक्तदाब वर राहू लागतो, रक्तातील साखर बिघडू शकते, पचन नीट होत नाही, मान आणि खांदे आखडतात, आणि थकवा असूनही झोप लागत नाही.

यात अपुऱ्या झोपेची भर पडते. प्रौढ माणसाला साधारण सात तास तरी झोप हवी. रोज तास-सव्वा तास कमी पडला तरी आठवड्याला एका पूर्ण रात्रीची उधारी होते. चिडचिड, विसराळूपणा आणि गोडाची, तळलेल्याची ओढ ही त्या उधारीचीच लक्षणे आहेत. स्वभाव बिघडला म्हणून आपण त्या माणसाला दोष देतो, पण बिघडलेली असते झोप.

नोकरदार बायकांची आणखी एक अडचण कोणी उघड बोलत नाही. वाटेत आणि कामाच्या जागी धड स्वच्छतागृह नसल्याने त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होण्यामागे ही सवय पुष्कळदा सापडते.

पुरुषांनीही हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. बाजारपेठेत सकाळी नऊला दुकान उघडून रात्री नऊला बंद करणाऱ्यांचे सहा दिवसांत ७२ तास होतात, हे लक्षात घ्यावे.

दिव्याखालचा अंधार

आता माझ्या घरची गोष्ट. ती सांगायला मला आजही संकोच वाटतो.

माझी पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी ती वर्षभर थकलेली असे. शाळेतून आली की पाच मिनिटे सोफ्यावर बसून राही आणि मग स्वयंपाकाला लागे. मी रात्री दहाला दवाखाना बंद करून घरी जायचो. मला वाढून, माझे झाल्यावर उरेल ते ती खायची. मी म्हणायचो, "तुझं काम जरा जास्त होतंय, विश्रांती घेत जा." एवढे बोलून वर्तमानपत्र उघडायचो. तांदूळ निवडताना ती कच्चे तांदूळ तोंडात टाकते हे मी रोज पाहत होतो. रक्तातील लोह कमी झाले की काहींना कच्चे तांदूळ, माती, बर्फ असे खावेसे वाटते, हे पहिल्या काही वर्षांतच शिकवले जाते. परक्या बाईने सांगितले असते तर मी लगेच ओळखले असते.

शेवटी शाळेतल्या एका तपासणी शिबिरात तिचे रक्त तपासले गेले. हिमोग्लोबिन ७.४ निघाले. स्त्रियांमध्ये ते निदान १२ असायला हवे. पुढच्या तपासणीत गर्भाशयात गाठ निघाली. पाळीतून महिनोन् महिने जास्त रक्त जात होते. मी विचारले, "मला सांगितलं का नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला सांगायचं तर नंबर लावावा लागला असता."

उपचार झाले आणि ती बरी झाली. गाठ कर्करोगाची नव्हती, हे आमचे नशीब. पण त्या दिवसापासून "कामाचा थकवा" हे निदान मी तपासणी केल्याशिवाय कधी केलेले नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले आहे. म्हणजे रक्तक्षय घरोघरी आहे आणि तो "दगदग" या शब्दाखाली लपतो.

रविवार कोणाचा?

रविवारची सुट्टी आपल्याला सहज मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा अशा मागण्या मांडल्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. माणसाला यंत्रासारखे अखंड चालवता येत नाही, ही साधी गोष्ट पटवायला काही वर्षे झगडावे लागले.

पण आपल्या घरांत पाहा. रविवारी सगळे उशिरा उठतात, म्हणजे चहा तीनदा होतो. जेवणाला काही खास लागते, पाहुणे येतात, आठवड्याचे कपडे, दळण, साफसफाई त्याच दिवशी. घरातल्या बाईला तो रविवार अजून मिळालेला नाही. नोकरी असो वा नसो.

उपाय काय करावेत?

आधी तपासणी. थकवा तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकला तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातही मिळतात. पाळीत जास्त रक्त जात असेल तर संकोच न करता सांगा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह शोषले जात नाही. लिंबू-पाण्याबरोबर घेतलेली चांगली. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. हिमोग्लोबिन भरून आले तरी गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. छातीत दुखणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे असे काही झाले तर ताण समजून घरी थांबू नका, थेट रुग्णालयात जा.

मग हिशेब. नवरा, बायको, मोठी मुले, सर्वांनी आपापला एक दिवस कागदावर लिहावा आणि रात्री एकत्र बसून वाचावा. भांडायचे नाही, फक्त बेरीज करायची.

त्यानंतर वाटणी. "मदत करतो" असे म्हणू नये. मदत म्हटली की काम तिचेच राहते आणि सांगण्याचे ओझेही तिच्याच डोक्यावर राहते. एखादे काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. भाजी आपली म्हटल्यावर काय संपले हे पाहण्यापासून आणून निवडण्यापर्यंत सारे आपले. आमच्याकडे भाजी चिरणे आणि रात्रीचा ओटा आवरणे माझ्याकडे आले. पहिले सहा महिने मी आवरलेला ओटा ती पुन्हा पुसत असे, हे कबूल करतो. बायकांनीही एवढे सोसावे. पोळी वाकडी झाली म्हणून काम परत ओढून घेऊ नये.

जेवण एकत्र. सर्वांनी एका वेळी, सारखे वाढून घ्यावे. शेवटी उरेल ते खाणे हे पुण्य नव्हे.

कामाला शेवट असावा. रात्री नऊनंतर कचेरीचे निरोप पाहायचे नाहीत असा नेम करता येतो. मी दवाखाना आठला बंद करू लागलो, रविवारी संध्याकाळी उघडेनासा झालो. काही पेशंट दुसरीकडे गेले. उत्पन्न थोडे घटले, पण घर हाती लागले.

आणि रोज अर्धा तास स्वतःचा. फिरणे, भजन, वाचन, मैत्रिणीशी गप्पा, काहीही. नुसते बसून राहिले तरी चालेल. भरभर चालण्याचा व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटे हवा. तो याच अर्ध्या तासात बसतो.

मन सतत उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल तर डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

हे सर्वांना सारखे जमणार नाही, याची मला जाणीव आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला विश्रांतीचा सल्ला देणे सोपे, तिला तो परवडणे अवघड. पण तिच्याही घरी पाण्याची घागर दुसऱ्या कोणी उचलायला पैसे लागत नाहीत.

त्या बाईंचे हिमोग्लोबिन ९.१ निघाले होते. दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या तेव्हा ते ११.४ झाले होते. धाप थांबली होती, झोपही साडेसहा तासांवर आली होती. पाणी भरणे आणि दोन डबे आता पतीकडे आहेत. मोठा मुलगा भांडी घासतो. "कुरकुरत घासतो, पण घासतो," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी आधी नाक मुरडले, आता बसल्या जागी भाजी निवडून देतात.

मी गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी ती पर्समध्ये ठेवली आणि उठता उठता विचारले, "डॉक्टर, त्या पावणेसात तासांतले दीड तास मी घेतले. अजून थोडे घेऊ का?"

"जरूर घ्या," मी म्हणालो. शेजारी बसलेल्या पतीनेही मान डोलावली.