न आलेल्यांची गणती

गडचिरोलीच्या दोन खेड्यांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग, पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के! जग हादरले, ते योग्यच. परंतु गावातील सर्वच स्त्रिया आल्या नव्हत्या. व्यथा असलेल्याच अधिक आल्या असतील, तर आकडा फुगलेला. लज्जेने घरी राहिलेल्याच अधिक पीडित असतील, तर तो तोकडा. केवळ संख्या वाढवून हा तिढा सुटत नाही. न आलेल्यांचा मागोवा घ्यावा लागतो. आमच्या पेडणे-डिचोलीत तरी, वाचकहो, ओसरीवर सासूबाई बसल्या असता सून अशा प्रश्नांना काय उत्तर देणार? तिला एकांत हवा, आणि विचारणारी बाईच हवी.