जुना लॅपटॉप : दुरुस्ती, निवृत्ती आणि जयणा

गिरगावातील एका जुन्या चाळीतले हे घर. आजोबा सकाळी लॅपटॉप सुरू करतात आणि देवदर्शनाला निघतात. ते परत येईपर्यंत यंत्र कामाला तयार झालेले असते. २०१६ साली थोरल्या नातवाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी घेतलेला हा लॅपटॉप आज तिघांच्या वाट्याला आला आहे. आजोबा त्यावर निवृत्तिवेतनाच्या खात्याचे व्यवहार पाहतात, सून पाठशाळेचा जमाखर्च ठेवते आणि धाकटी नात सी.ए.च्या परीक्षेचा अभ्यास करते. नातीच्या मते आता नवा घ्यायलाच हवा. आजोबांचे म्हणणे असे, की चालते आहे तोवर चालवावे. त्यांच्या आग्रहामागे आणखी एक कारण आहे, ते मात्र ते सहसा बोलून दाखवीत नाहीत. दिवंगत आजींनी गायिलेल्या स्तवनांचे ध्वनिमुद्रण त्याच यंत्रात साठवलेले आहे.

असा वाद दादर, परळ, लालबागच्या घरांतही ऐकू येतो. खरे तर गिरणगावाला हा प्रश्न नवा नाही. तेथील अनेक कापडगिरण्यांत दशकानुदशके तेच माग चालत राहिले. वेळच्या वेळी नूतनीकरण झाले नाही, हे गिरण्यांच्या ऱ्हासाच्या कारणांपैकी एक मानले जाते. दुसरीकडे, कल्हईवाला आणि पिंजारी यांची हाक ऐकत वाढलेल्या पिढीने भांडे काळे पडले म्हणून कधी टाकून दिले नाही आणि गादी बसली म्हणून नवी आणली नाही. कोणती वस्तू दुरुस्तीने सुधारते आणि कोणत्या वस्तूचा काळ संपला आहे, हे ओळखणे हाच या विषयातील खरा विवेक होय.

आधी निदान, मग औषध

लॅपटॉप ‘मंद झाला’ असे आपण म्हणतो. परंतु मंद झालेला असतो तो बहुधा त्याचा एखादाच भाग. विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. नेहमीचे काम चालू ठेवून त्यातील तीन आकडे पाहावेत. डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर दोष साठवणुकीच्या तबकडीचा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम अपुरी आहे. प्रोसेसरच साध्या कामालाही सतत शंभर टक्के राबत असेल, तर मात्र वय झाले असे समजावे. लॅपटॉपमध्ये तो भाग सहसा बदलता येत नाही.

२०१६ च्या सुमाराच्या अनेक लॅपटॉपांत फिरती हार्डडिस्क असे. तिची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि प्रत्येक धारिका शोधताना वाचन करणारा काटा इकडून तिकडे सरकत राहतो. तिच्या जागी फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली, की तेच जुने यंत्र ओळखू येऊ नये इतके तरतरीत होते. रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केल्यास अनेक पाने एकाच वेळी उघडी ठेवता येतात. मात्र काही पातळ लॅपटॉपांत रॅम मूळ पाटीवरच डाख देऊन जोडलेली असते; ती वाढवता येते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. पंख्यात साचलेली धूळ हेही मंदपणाचे एक साधे कारण असते. मात्र बॅटरी फुगून तळ उचलला गेला असेल, तर यंत्र तत्काळ बंद करून दुरुस्तीकडे न्यावे. तेथे काटकसर नको. तो आगीचा धोका आहे.

वेगापेक्षा मोठा प्रश्न

एसएसडीने वेग सुधारतो, सुरक्षितता सुधारत नाही. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना पुढे वर्षभर सुरक्षा-सुधारणा देऊ केल्या. परंतु ती मुदतवाढच. नव्या ‘विंडोज ११’साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणूक यांखेरीज टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी स्थूलमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ नंतरच्या यंत्रांपासून सुरू होते. २०१६ चा लॅपटॉप तिच्यात बसत नाही.

याचा अर्थ यंत्र त्या दिवशी बंद पडते असा नाही. पण त्यानंतर उघडकीस येणारी प्रणालीतील भगदाडे बुजवली जात नाहीत. चित्रे पाहण्यासाठी असे यंत्र चालून जाईल. निवृत्तिवेतनाचे खाते, मुदतठेवी आणि आयकराचे विवरणपत्र त्यावर उघडणे म्हणजे तिजोरीला जुने कुलूप लावून किल्ली शेजाऱ्यांच्या खिळ्याला टांगून ठेवणे होय. लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांसारखी मोफत आणि नियमित सुधारणा मिळणारी प्रणाली बसवणे, हा एक मार्ग आहे. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते आणि प्रवचने ऐकणे तिच्यावर उत्तम होते. परंतु केवळ विंडोजवर चालणाऱ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरची गरज असेल, तर ती पुरी पडत नाही.

दर वर्षाचा खर्च

निर्णय भावनेवर सोडू नये, कागदावर मांडावा. पहिला नियम असा, की मूळ खरेदीला मोजलेले पैसे या हिशेबात धरायचे नाहीत. ते गेले, ते कोणत्याही निर्णयाने परत येणार नाहीत. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे धरले आहे. त्या मापाने दहा वर्षांच्या लॅपटॉपने आपले मूल्य केव्हाच फेडले आहे.

दुसरा नियम, खर्चाला मिळणाऱ्या वर्षांनी भागावे. उदाहरणापुरते आकडे घेऊ. दुरुस्तीला ६,००० रुपये लागून दोन वर्षे मिळणार असतील, तर वर्षाला ३,००० रुपये पडले. नवा ४५,००० रुपयांचा लॅपटॉप सहा वर्षे चालला, तर वर्षाला ७,५०० रुपये. येथे दुरुस्ती सरस. पण एसएसडीबरोबर बॅटरी, कळफलक आणि बिजागरीही बदलायची असून खर्च १८,००० रुपयांवर गेला, तर त्याच दोन वर्षांसाठी वर्षाला ९,००० रुपये होतात. मग दुरुस्तीचा मोह आवरावा.

अंदाजपत्रकासाठी मुंबईकराला लांब जावे लागत नाही. ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच लोकांच्या तोंडचा लॅमिंग्टन रोड, सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. दोन-तीन दुकानांत दर विचारावेत, भाग नवा की वापरलेला हे स्पष्ट करून घ्यावे, पक्के बिल आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. यंत्र सोडण्यापूर्वी माहितीची प्रत घरी ठेवावी आणि काढलेली जुनी डिस्क परत मागावी. छोट्या पेटीत बसवून ती जादा प्रत ठेवण्यास उपयोगी पडते. एकमेव प्रत म्हणून मात्र तिच्यावर विसंबू नये.

टाकायचा तर कसा?

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात वस्तूंची मर्यादा सांगितली आहे. परंतु परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, मूर्च्छेत म्हणजे आसक्तीत मानले जाते. ही आसक्ती नव्या चकचकीत यंत्राची असते, तशी जुन्याचीही असू शकते. कपाटात बंद पडलेले तीन लॅपटॉप जपून ठेवणे ही काटकसर नव्हे.

लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो वापरण्यापूर्वीच, निर्मितीच्या टप्प्यावर झालेला असतो. म्हणून चांगल्या यंत्राचे आयुष्य वाढवणे हीही जयणाच. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी बराचसा उघड्यावर हाताळला जातो. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, धातूंसाठी पाट्या आम्लात बुडवल्या जातात. तो धूर माणसांच्या फुप्फुसांत आणि ते पाणी असंख्य सूक्ष्म जीवांच्या वस्तीत जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनी पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून निकामी यंत्र रद्दीत न देता, माहिती पूर्ण पुसून, उत्पादकाच्या संकलन व्यवस्थेकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे सोपवावे. एखाद्या विद्यार्थ्याला दान द्यायचे असेल, तर सुरक्षित प्रणाली बसवूनच द्यावे. आपल्याला नको झालेला धोका दुसऱ्याच्या ओटीत घालणे हे दान नव्हे.

गिरगावातल्या त्या घराने अखेर कागद-पेन्सिल घेतली. नातीच्या परीक्षेला विंडोजवरचे सॉफ्टवेअर लागत होते आणि आजोबांच्या खात्याला सुरक्षित प्रणाली; म्हणून एक मध्यम किमतीचा नवा लॅपटॉप आला. बँकेचे व्यवहार त्यावर गेले. जुन्यात एसएसडी आणि मोफत प्रणाली बसवून तो पाठशाळेच्या जमाखर्चाला दिला. मात्र त्याआधी आजोबांनी एक काम स्वतः केले. आजींच्या स्तवनांच्या प्रती त्यांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. दहा वर्षांच्या एकाच तबकडीवर तो आवाज इतके दिवस विसंबून होता, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आले. ज्या यंत्राला ते जपत होते, तेच तो आवाज एखाद्या दिवशी कायमचा घेऊन गेले असते.

आता देवदर्शनाला निघण्यापूर्वी लॅपटॉप सुरू करून ठेवावा लागत नाही. घरी परतल्यावर बटण दाबले, की थोड्याच वेळात पहिले स्तवन लागते.